ओव्हाळ गुरुजी आणि तीन फुल्या

ओव्हाळ गुरुजींनी माझा घात केला. हे मी लपवून ठेवलेलं नाही. पारावर सांगितलं, सोसायटीत सांगितलं, शिरूरच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं तर पिशवी खाली ठेवून सांगितलं. आता त्यांच्यावर लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीला हात अडला, कारण या जन्मात मला मानानं शाळेत बसवणारा माणूस तेवढा एकच भेटला.

माझं शिक्षण चौथी, त्यातली तिसरी दोनदा. अक्षर मोठं आहे, पानात दहा ओळी बसतात. पण माझं म्हणणं मी माझ्या हातानं लिहीन, दुसऱ्याला सांगून लिहून घेणार नाही.

आमचं गाव घोड नदीच्या काठचं म्हणायचं, पण नदी खाली आणि आम्ही वर माळाला. तिकडं इनामगावला जमीन उकरली तर पुराण्या काळची घरं निघाली म्हणतात. आमच्याकडं उकरलं तर मुरूम निघतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. अशा गावात पाणाड्याला मान असतो. जमिनीखालचं पाणी कुठं आहे ते सांगणारा तो पाणाड्या. चाळीस वर्षं या पंचक्रोशीत ते काम मी केलं. नारळ आडवा तळहातावर घ्यायचा, शेंडी बोटांकडं, आणि रान चालायचं. खाली पाणी असलं की नारळ उठून उभा राहतो. माझ्या चुलत्यानं ही विद्या मला दिली ती एका अटीवर, की एक कप चहाच्या वर कुणाकडून काही घ्यायचं नाही. मी दुसरा कप चहासुद्धा कधी घेतला नाही.

गुरुजी दौंडचे. वडील रेल्वेत पॉइंटमन, म्हणजे रूळ बदलणारे, बालपण यार्डाच्या कडेला गेलेलं. रोज दौंडहून मोटारसायकलवर यायचे, गळ्याला रुमाल, एका हाताची बाही दुमडलेली आणि दुसऱ्या हाताची सुटलेली. बोलणं सगळं रेल्वेचं. पोरं नुसतीच बसून राहिली की म्हणायचे, "काय रे, गाडी अजून यार्डातच का?" एखाद्याच्या डोक्यात उजेड पडला की, "हां, सिग्नल पडला!" अंगानं किडकिडीत, आवाज मात्र प्लॅटफॉर्मच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल असा.

माझं घर शाळेच्या समोर. मधे फक्त रस्ता. त्यामुळे शाळेत काय चालतं ते मला खाटेवरून दिसतं. गुरुजी आल्यावर पहिल्याच महिन्यात मी बघितलं की सहावी-सातवीची पोरं वर्गात बसायची सोडून झेंड्याच्या ओट्यावर दाटीवाटीनं बसली आहेत आणि मोबाईल बघताहेत. गुरुजी शेजारी उकिडवे बसून त्यात डोकं घालून. मी काठी घेतली आणि रस्ता ओलांडला.

"गुरुजी, झेंड्याचा ओटा हाय हा. पिच्चर बघायची जागा न्हाई."

"आबा, रेंज एवढीच हाय," ते उठून उभे राहिले. "वर्गात दांडीसुद्धा येत न्हाई. पायताणं खाली काढल्यात, बघा."

खरंच काढली होती, ओळीनं.

"आन् मोबाईल बघून पोरं शिकत्यात व्हय? आम्ही पाटीवर शिकलो."

"पाटीवर तुम्हाला काय काय इचारलं, आठवतं का?"

"पाढं इचारलं. नद्या इचारल्या."

"ते गुरुजींना येत होतं?"

"मग? त्यांना न्हाई येणार तर कुणाला?"

"ज्याचं उत्तर गुरुजींना बी ठाऊक न्हाई, असं काही कवा इचारलं का कुणी?"

मी म्हणालो, असलं कोण विचारील? ते हसले आणि फळ्याकडं बोट केलं. फळा वर्गातून काढून ओट्याला टेकवला होता. त्यावर एकच ओळ होती. आपल्या गावचा कचरा जाळला नाही तर कुठं घालायचा? खाली पोरांची चार टोळक्यांत नावं. एका टोळक्यानं इंटरनेटवर शोधायचं, एकानं गावात फिरून विचारायचं, एकानं दोन्हींचा मेळ बसतो का ते तपासायचं, आणि शेवटच्यानं सगळ्यांचं ऐकून उपाय लिहायचा. आठवडाभर एकच प्रश्न. पोरांनी भरकटू नये म्हणून कुठं कुठं बघायचं त्याची यादी गुरुजी आदल्या रात्री घरून करून आणायचे. प्रत्येक पोराच्या वहीत तीन रकाने आखलेले. काय कळलं, कुठून कळलं, दुसरीकडं तेच आहे का.

"आन् उत्तर?" मी विचारलं.

"मला न्हाई माहीत, आबा."

पोरांच्या देखत म्हणाले. मास्तर असून, पगार घेऊन, पोरांच्या देखत म्हणाले की मला माहीत नाही. मला लाज वाटली, त्यांना नाही वाटली. आणि पोरांना तर त्याचं काहीच वाटत नव्हतं. ती पुन्हा मोबाईलात शिरली होती.

दुसऱ्या दिवशी मी खाटेवरून ऐकायला लागलो, तिसऱ्या दिवशी ओट्याच्या पायरीवर बसलो. गुरुजींनी वर्गातली खुर्ची आणून दिली. म्हणाले, "पायरीवर बसायला तुम्ही परके न्हाई." ती खुर्ची मग माझीच झाली.

त्यांच्या पॅन्टच्या खिशात फुटाणे असायचे. बरोबर उत्तराला ते कधी मिळायचे नाहीत. चांगला प्रश्न विचारला की एक चिमूट. त्यातले निम्मे फुटाणे तनुजाच्या पोटात जायचे. तनुजा सातवीत, अंगणवाडीतल्या मदतनीस बाईची पोर, दोन वेण्या आणि कायम पुढं आलेली हनुवटी. ही पोर दर वाक्याला विचारायची, "पुरावा काय?" घरी आईनं सांगितलं की आज डाळ संपली, तर डबा उघडून बघायची. हे तिची आईच मला सांगत होती.

मग बिबट्याचं झालं. आमच्याकडं उसात बिबट्या निघतो, ते नवीन नाही. पण एके दिवशी सकाळी बबननं, आमच्या भावकीतल्या, गावाच्या ग्रुपवर फोटो टाकला. ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर बिबट्या बसलेला. खाली लिहिलं, आज पहाटे, मी स्वतः पाहिला. झालं. वस्तीवरून पोरं यायची बंद झाली, बायका पाण्याला जाईनात. गुरुजींनी जी सात-आठ पोरं आली होती तेवढ्यांनाच ओट्यावर घेतलं आणि फळ्यावर लिहिलं, हा फोटो आपल्या पुलाचा आहे का?

पोरं पुलावर जाऊन कठडा नीट बघून आली. आपला कठडा गोल पाइपाचा, फोटोतला सिमेंटचा. कोपऱ्यात पाटी होती तिच्यावरची अक्षरं मराठी नव्हती. मग गुरुजींनी फोटोवरून फोटो शोधायचा कसा ते दाखवलं आणि तो बिबट्या निघाला कुठल्या कुठं, लांब दक्षिणेकडचा, तोही जुना. तनुजानं बबनला शाळेत बोलावलं. बोलावलं म्हणजे खरंच, चिठ्ठी पाठवून.

"काका, तुम्ही स्वतः पाहिला?"

"आगं, पाहिला म्हंजी... मोबाईलवर पाहिला."

पोरं हसली. मी तर खुर्चीतून पडायचा राहिलो. पुढं महिनाभर बबन दिसला की मी विचारायचो, "काय बबन, बिबट्याची न्याहारी झाली का?" सोसायटीत चारचौघांत विचारायचो. तो मान खाली घालून निघून जायचा. गुरुजी एकदा म्हणाले, "आबा, बास करा आता. माणूस खोटा न्हाई, घाई केली त्यानं." मला त्यांचं ते पटलं नाही. त्यांनी पकडलं होतं आणि मी मजा घेत होतो. असा गुरुजी या तालुक्यात नाही, असं मी ज्याला त्याला सांगत होतो.

दिवाळीनंतर शाळेचा हातपंप हवा खेचायला लागला. खिचडीला आणि संडासाला पोरी पार खालच्या विहिरीवरून हंडे आणायच्या. बोअर मंजूर झाला होता, पण एकच. कोरडा गेला तर दुसरा मिळणार नव्हता. गुरुजींनी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं, शाळेचा बोअर कुठं घ्यावा?

मी खुर्चीत सरळ झालो. हा प्रश्न तर माझ्या दारातला. आणि खरंच, शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजी अकरा पोरं घेऊन माझ्या अंगणात आले.

"आबा, तुमची विद्या पोरांना दाखवा. सगळी."

माझी दोन्ही पोरं रांजणगावला कंपनीत. त्यांना कुणाला नारळ हातात धरायला वेळ नाही. चुलत्यानं दिलेलं माझ्याबरोबर जाणार हे मी धरून चाललो होतो. आणि इथं अकरा पोरं वह्या उघडून बसलेली. मी काही हातचं राखलं नाही. वारूळ कुठं बघायचं ते सांगितलं, उंबर आणि जांभूळ काय सांगतात ते सांगितलं, मुरमाचा रंग सांगितला. नारळ कसा धरायचा ते प्रत्येकाच्या हातात देऊन दाखवलं. पाणी जवळ आलं की माझ्या पोटात पीळ पडतो, हे मी माझ्या बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ते गुरुजींना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग तनुजानं, मी आजवर कुठं कुठं पाणी दाखवलं, त्याची यादी घेतली. मला सगळं तोंडपाठ. कुणाच्या रानात, कोणत्या साली, किती इंच पाणी. तास गेला.

"आबा," गुरुजी म्हणाले, "आन् जिथं न्हाई लागलं ती?"

"तशी एकबी न्हाई."

ते माझ्याकडं बघत राहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते तेव्हाच बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं.

त्याऐवजी ते म्हणाले, "आबा, पोरांना एक गंमत दाखवूया का? डोळं बांधून नारळ चालतो का तुमचा?"

"डोळ्यांचा काय संबंध? पाणी काय डोळ्यांनी दिसतं?"

त्यांनी गळ्यातला रुमाल काढला आणि माझ्या डोळ्यांवर बांधला. शाळेच्या मैदानात मी गेलो, दोन पोरांनी दोन्हीकडून धरलं होतं. एका जागी नारळ उठला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी म्हणाले, "आणखी एकदा, आबा." मला दोन गिरक्या दिल्या आणि पुन्हा चालवलं. पुन्हा नारळ उठला, पुन्हा टाळ्या. मग तिसऱ्यांदा. रुमाल सोडला तेव्हा सगळी पोरं हसत होती आणि मीही हसत होतो. कितीतरी वर्षांनी माणसांनी मला असं मधोमध घेतलं होतं. जमिनीवर कुठं काय खूण केली ते मी बघितलंसुद्धा नाही.

जानेवारीत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन शिरूरला होतं. पोरं पाण्याचा प्रकल्प घेऊन चालली आहेत हे गावभर झालं. मी गुरुजींना म्हणालो, मीपण येतो.

"कशाला आबा, उन्हातान्हात? गर्दी असती. बसायला बी जागा मिळत न्हाई."

मला वाटलं, माझ्या वयाची काळजी करतात. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचं धोतर नेसलो, फेटा बांधला आणि एसटीनं एकटा शिरूरला गेलो.

मोठ्या हॉलात टेबलं मांडलेली. आमच्या शाळेचं टेबल मला लांबूनच दिसलं कारण तिथं माझा फोटो होता. नारळ हातावर घेतलेला, चांगला वहीएवढा मोठा फोटो. माझी छाती भरून आली. जवळ गेलो. फोटोच्या वर लाल अक्षरात लिहिलं होतं, पाणाड्याला पाणी खरंच कळतं का?

परीक्षक दोघं समोर उभे होते आणि तनुजा छडी घेऊन बोलत होती. मागच्या तक्त्यावर दोन रकाने होते. एकात मी दाखवलेले बोअर, दुसऱ्यात कुणालाही न विचारता लोकांनी सोयीनं घेतलेले. पोरांनी घरोघर जाऊन विचारलं होतं. दोन्हीकडं पाणी लागण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच. माझ्या रकान्यातल्या कोरड्या बोअरवाल्यांची नावं मी वाचली. वस्तीवरच्या महादूचं, माझ्या जुन्या दोस्ताचं, नाव सगळ्यात वर. शेजारी शाळेच्या मैदानाचा नकाशा आणि नकाशावर तीन फुल्या. एक झेंड्याजवळ, एक फाटकाजवळ, एक पार संडासाच्या मागं.

"डोळे बांधल्यावर एकाच मैदानात तीन वेळा तीन वेगळ्या..." एवढं बोलली आणि तनुजानं मला बघितलं. छडी तशीच राहिली.

"हं, सांग पुढं," परीक्षक म्हणाले.

गुरुजी टेबलामागं उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला की यार्डात डबा चुकीच्या रुळावर जाताना दिसावा आणि हातात काहीच नसावं. तनुजानं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. पुढं सांग. आणि तिनं सांगितलं, शेवटपर्यंत, न अडखळता.

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, फोटोतले बाबा हेच ना?" लोक वळून बघायला लागले. एकजण हसला. मी फेटा काढून पिशवीत घातला आणि एसटी स्टँडवर आलो.

घरी जायच्या आधी मी महादूच्या वस्तीवर गेलो. तो गोठ्यात होता.

"तुझा बोअर कोरडा गेलाय?"

महादूनं हातातला चारा खाली ठेवला. "लई वर्षं झाली, आबा."

"मला का न्हाई सांगितलं?"

"माझ्या थोरलीच्या लग्नात तुम्ही तीन दिवस राबला होता. कोणत्या तोंडानं सांगू?"

"आन् पोरांना सांगितलंस?"

"पोरांनी इचारलं, आबा. तुम्ही कवा इचारलं?"

यादीतल्या आणखी दोघांकडं गेलो. तिथंही तेच. सगळ्यांनी मला वर्षानुवर्षं चहा पाजला होता आणि तोंडातून एक शब्द काढला नव्हता. आता मला कळेना की कुणावर जास्त चिडायचं. इतक्या जणांवर चिडणं जमत नव्हतं, म्हणून सगळं गुरुजींवर टाकलं.

पारावर बबन वाटच बघत होता. त्यानं बिबट्याचं काढलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. पण तो वेगळंच बोलला. "तुम्हीच डोक्यावर चढवला त्याला. दौंडचा ओव्हाळ तो. ह्या लोकांना एकदा खुर्ची..."

"बबन, ते वाक्य पुरं करू नको," मी म्हणालो. "माझं भांडण माझ्या खोटेपणा करणाऱ्या गुरुजीशी हाय. त्याच्या समाजाशी न्हाई. तुझं वेगळं असंल तर तुझ्या दारात जाऊन कर."

रविवारी गुरुजी आले. सुट्टी असून दौंडहून आले. मी खाटेवरून उठलो नाही आणि बस म्हणालो नाही. ते उभ्यानंच बोलले.

"आबा, चुकलं."

"आकडं चुकलं का?"

"आकडं न्हाई चुकलं. सांगायला पाहिजे होतं तुम्हाला आधी."

"मग का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं की तपासायचंय, तर तुम्ही डोळं बांधून दिलं असतं?"

"न्हाई."

"म्हणून. प्रश्न खरा होता आबा, वागणं माझं खोटं होतं. पोरांना मी शिकवतो की माणसाला इचारायला जाताना कशासाठी इचारतोय ते सांगायचं. आन् मीच गंमत म्हणालो."

"मी बायकोला न सांगितलेलं तुम्हाला सांगितलं."

त्यांनी गळ्यातला रुमाल काढून हातात घेतला. मग म्हणाले, "पोरांनी बोअरसाठी जागा काढलीय. उपग्रहाचं नकाशं बघितलं, उतार मोजला, जुन्या विहिरींची पातळी लिहिली. तरी खात्री न्हाई. तुम्ही एकदा या. वारूळ, मुरूम, झाडं, ते तुम्ही सांगितलेलं पोरांनी वापरलंय. ते खोटं न्हाई निघालं."

"मोबाईलला इचारा," मी म्हणालो आणि भिंतीकडं तोंड केलं.

खुर्ची पुढं दोन महिने ओट्याशेजारी रिकामी ठेवलेली मला खाटेवरून दिसत होती. गुरुजी पोरांना तिच्यावर बसू देत नव्हते.

उन्हाळा लागला आणि बोअरची गाडी आली. जागा स्वयंपाकाच्या खोलीमागं, ओढ्याच्या अंगाला. चुन्यानं गोल केलेला. गाडीवरची तमिळ पोरं आदल्या संध्याकाळीच येऊन शाळेच्या व्हरांड्यात झोपली होती. दिवस उगवायच्या वेळेला ती पोरं अजून उठायची होती तेव्हा मी नारळ घेऊन मागच्या बाजूनं गेलो. मला बघायचंच होतं. गोलात उभा राहिलो, नारळ तळहातावर आडवा केला. हलला नाही. चारी दिशांनी आत आलो. हलला नाही. पोटात पीळ नाही, काही नाही. खाली ठणठणीत पाषाण, मला दिसावा तसा कळला.

आणि मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. शाळेला एकच बोअर होता आणि माझ्या हिशोबानं तो कोरडा जाणार होता. हंडे वाहणाऱ्या पोरी रोज माझ्या खाटेसमोरून जात होत्या. रस्ता ओलांडून एक शब्द बोलायचा होता. मी घरी येऊन चहा प्यालो.

गाडी सुरू झाली तसं सगळं गाव जमलं. मी भिंतीच्या अलीकडं उभा होतो. पांढरा चुरा उडत होता आणि गुरुजी अगदी जवळ, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले. पोरं रांगेत, वह्या उघड्या, प्रत्येक पाइपाला काय निघालं ते लिहीत होती. शंभर फूट गेले, दोनशे गेले. नुसता धुरळा. लोक एकेक करून निघायला लागले. माझ्या मनात एकच, धुरळाच येऊ दे. असं मनात येत होतं आणि मी ते येऊ देत होतो.

मग आवाज बदलला. चुरा ओला झाला, काळा झाला, आणि पाण्याचा फवारा गाडीच्या वर गेला. पोरी किंचाळल्या. गुरुजी चिखलात भिजून वेड्यासारखे हसत होते. त्यांनी ओंजळ भरली आणि सगळी माणसं सोडून माझ्याकडं पळत आले. भिंतीपाशी येईपर्यंत ओंजळीत घोटभरच उरलं होतं.

"आबा, बघा! गोड हाय!"

सगळे माझ्याकडं बघत होते. बबन बघत होता, महादू बघत होता. आणि माझ्या तोंडातून निघालं, "मला ठावं होतं. सकाळी येऊन बघून गेलो मी. नारळ उभा राहिला होता."

गुरुजींच्या हातातलं पाणी बोटांतून गळत होतं. ते माझ्या डोळ्यांकडं बघत होते. तनुजा वही घेऊन त्यांच्या मागं आली होती. चिखलानं भरलेली, हनुवटी पुढं.

"आबा, सकाळी कुणी होतं का तुमच्याबरोबर?" तिनं विचारलं. "कुणी बघितलं?"

मी गुरुजींकडं बघितलं. या माणसानं आजवर एका पोराचा एक प्रश्न कधी अडवला नव्हता. शिरूरला भरल्या हॉलात माझी अब्रू जात असतानासुद्धा त्यांनी मान हलवून सांगितलं होतं, पुढं सांग. आताही तेच म्हणतील असं मला वाटलं, आणि तेच म्हणावं असंही वाटलं. तेव्हा मी हरलो असतो पण खऱ्या माणसाकडून हरलो असतो.

"गप बस, तनुजा," ते म्हणाले. "मोठ्या माणसाला असं इचारत्यात का? लिही. आबांनी बी हीच जागा सांगितली होती."

तनुजानं लिहिलं नाही. वही मिटली आणि त्यांच्याकडं बघितलं. पोर रडली नाही. माझ्याकडं तर बघितलंही नाही, बघण्यासारखं माझ्यात काही राहिलं नसावं. पण गुरुजींकडं ती ज्या नजरेनं बघत होती ती नजर मला ओळखीची होती. शिरूरहून येताना एसटीच्या काचेत मला माझीच तशी दिसली होती.

सुट्टीत ऑनलाइन बदल्यांची यादी लागली आणि गुरुजी दुसऱ्या तालुक्यात गेले. निरोप घ्यायला ते आले होते म्हणतात. मी तेव्हा मुद्दाम रानात होतो. त्यामुळे त्यांना मी शेवटचं समोरासमोर बघितलं ते त्या भिंतीपाशीच. त्यांनी तनुजाच्या हातातून वही घेतली, ओला हात शर्टाला पुसला, शर्टही ओलाच होता. वही गुडघ्यावर ठेवून वाकले आणि त्या तीन रकान्यांत, काय कळलं, कुठून कळलं, दुसरीकडं तेच आहे का, स्वतःच्या सुंदर अक्षरात माझ्यासाठी खोटं लिहायला लागले. तिन्ही रकाने भरले. थेंब पडून शाई पसरत होती तरी लिहीत होते. नको म्हणायला मला तोंड होतं. ते मी उघडलं नाही.